दाजी मास्तरांचा वाटा

निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी माझे सगळे शोधनिबंध एकत्र बांधून मला भेट दिले. निळ्या कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव. पोरांनी हौसेनं केलं होतं, त्यांना काय ठाऊक! सगळ्यांसमोर पहिलं पान उघडायला लावलं, फोटो काढले, मी हसले आणि पुस्तक मिटलं. घरी आल्यावर ते कपाटाच्या वरच्या खणात, जिथं माझा हात सहज पोचत नाही अशा जागी ठेवून दिलं.

त्यातला पहिला निबंध ऐंशीच्या दशकातला, माझ्या पीएच.डी.चा. सारख्या अंतरावर उभ्या केलेल्या, कधीच न संपणाऱ्या तारांच्या ओळीतून विद्युतचुंबकीय लहरी कशा निघतात, याचं गणित त्यात आहे. शेवटी आभाराच्या चार ओळी आहेत. त्यात संगणक केंद्राचं नाव आहे, प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींचं आहे, कार्डं पंच करून देणाऱ्या मुलीचंसुद्धा आहे. दाजी मास्तरांचं नाही. ते छापणाऱ्यानं गाळलं नाही, आमच्या मार्गदर्शक सरांनी गाळलं नाही. ते मी गाळलं.

दाजी मूळ वालावलचे. खारेपाटणच्या शाळेत गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते मालवणच्या किनाऱ्यावर, आमच्या घरापासून दोन माडबागा पलीकडे, त्यांच्या बायकोच्या म्हणजे माईच्या माहेरच्या घरात येऊन राहिले. मी तेव्हा नववीत होते. माझे बाबा पोस्टात होते. दाजींच्या पेन्शनीची मनिऑर्डर देता देता त्यांनी एकदा माझ्या गणिताचं रडगाणं गायलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी दाजींच्या ओटीवर जाऊ लागले.

उंच, किडकिडीत माणूस. कमरेला पंचा, अंगात बिनइस्त्रीचा सदरा, आणि कानावर पेन्सिलीचा इतका बारका तुकडा की तो कानामागं हरवायचा आणि मग माई, मी, दाजी असे तिघेही तो शोधत बसायचो. कोऱ्या कागदावर गणित करणं त्यांना माजोरीपणा वाटे. जन्मभर शिक्षक असल्यामुळे त्यांना ढिगानं लग्नपत्रिका यायच्या. त्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी हा त्यांचा कागद. एका बाजूला गणपती, वधूवरांची नावं आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’, दुसऱ्या बाजूला लॉगरिदमच्या आकड्यांचे रकाने. लग्नाला मात्र ते क्वचितच जात. पत्रिका आली की आधी उलटून पाठ कोरी आहे की नाही ते बघत, आणि पाठीवरही काही छापलेलं असलं तर म्हणत, “कसलो खर्चिक बापूस हो!”

त्यांना ओळीनं उभं असलेलं काहीही मोजल्याशिवाय पुढं जाता येत नसे. माड, विजेचे खांब, वाळत घातलेल्या सुंगटांचे, म्हणजे कोलंबीचे, ढीग. माई सांगायची की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेव तिच्याकडे बघायचं सोडून मांडवाचे खांब मोजत होते. “आणि एक कमी भरलो,” दाजी यावर गंभीरपणे म्हणायचे, “मांडववाल्यांक सांगूक व्हयां होतां.”

आणखी एक खोड होती, ती सांगायलाच हवी. दाजी घरात, वाटेवर, किनाऱ्यावर मालवणीत बोलत. गणितही मालवणीत सांगत. “आधी वास घे गो. उत्तर शंभराच्या अल्याड की पल्याड?” अंदाज सांगितल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, असा त्यांचा नियम. पण माझं काही चुकलं की दाजी एकदम पुस्तकी मराठीत शिरत. “इथे चिन्ह चुकलं आहे.” आवाज चढायचा नाही, कपाळाला आठी पडायची नाही. नुसती भाषा बदलायची, आणि मी पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घ्यायचे. उत्तर बरोबर आलं की पुन्हा मालवणी: “बेरीज बसली.”

सकाळी ते रापणीवर जात. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबच लांब जाळं. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगा करून ते ओढतात. दाजींना हौस होती. ते रांगेच्या शेवटी जाऊन दोर धरायचे. त्यांच्या ओढण्यानं जाळं कितीसं पुढं येत असणार! पण रापणीचा रिवाज असा की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो पहिल्यापासून ओढणारा असो की जाळं वाळूला टेकताना आलेला असो. होडीचा म्होरक्या बुधाजी तांडेल वाळूवर मासळीचे वाटे घालायचा, आणि त्यात एक बारका वाटा मास्तरांचा असायचा.

एकदा कुणी एक साहेब किनारा बघायला आले होते. गंमत म्हणून त्यांनी दोराला हात लावला, सोबतच्या माणसानं फोटो काढला. बुधाजीनं त्यांच्यासमोर चार बांगडे ठेवले. साहेब हसून म्हणाले, छे छे, हे काय, मी तर नुसतं आपलं... आणि वळले. दाजी पुढं झाले. मी तिथंच होते. दाजींनी भाषा बदलली. “आपण दोराला हात लावलात. वाटा घ्यावा लागेल. नाकारलात तर ओढणाऱ्यांचा अपमान होतो.” शेवटी पांढऱ्याशुभ्र रुमालात चार बांगडे बांधून साहेब जीपमध्ये बसले. आम्ही सगळे पुढं कितीतरी दिवस हसत होतो. त्या हसणाऱ्यांत मीही होते, हे आता आठवलं की कसंसंच होतं.

मी बी.एस्सी., एम.एस्सी. झाले आणि मुंबईला एका संस्थेत संशोधनाला लागले. माझं काम असं होतं. अँटेना जागची हलवायची नाही, पण तिचा झोत मात्र वळवायचा. त्यासाठी छोट्या तारा ओळीनं उभ्या करतात आणि प्रत्येक तारेला शेजारणीपेक्षा किंचित उशिरा वीज देतात. जितका उशीर, तितका झोत कलतो. भानगड अशी की प्रत्येक तार आपल्या शेजारणींचंही ऐकते. पहिलीचं जास्त, दुसरीचं निम्मं, तिसरीचं तिसरा हिस्सा, असं कमी कमी होत जातं, पण संपत नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून ओळ न संपणारी धरतात. मग सगळ्या तारा सारख्याच, आणि एकीचं गणित सुटलं की सगळ्यांचं सुटलं.

दिवाळीच्या सुट्टीत हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हणजे जाळां. एक घर कळलां की सगळां जाळां कळलां.” हेच मला समजावून द्यायला आमच्या सरांना दोन तास लागले होते.

त्या सुट्टीत माझ्याकडे शेजारणींच्या एकूण परिणामाचा, संगणकानं छापलेला एक आलेख होता. गुळगुळीत उतरत जाणारी रेघ, आणि झोत बेचाळीस अंशांच्या जवळ कलला की तिला मध्येच एक नाक फुटलेलं. सरांचं म्हणणं, ही यंत्राची चूक आहे. दोनशे शेजारणींपर्यंत बेरीज करून पुढची तोडलीय, तो कचरा साचलाय. नाक कापा आणि रेघ सरळ करा. मी ते कापणारच होते.

दाजींनी आलेख ओटीवरच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग विचारलं, “चारशे शेजारी घेतलंस तर ह्यां नाक वाढता की झडता?”

मी ते करून बघितलंच नव्हतं. तेव्हा भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचं. एक स्वल्पविराम चुकला की तो दिवस फुकट. उगाच कोण चारशे करून बघणार?

“बघ,” दाजी म्हणाले. “कचरो असलो तर झडतलो. वाढलां तर नाकाक हात लावू नको.”

मुंबईला जाऊन मी चारशे घेतले. नाक वाढलं. मी पत्रानं आकडा कळवला. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. पत्रात दाजी नेहमी पुस्तकी मराठीच लिहीत, तिथं ती माझं काही चुकल्याची खूण नव्हती. “दोनशेचे चारशे केलेस तेव्हा जितके वाढले, चारशेचे आठशे केलेस तर पुन्हा तितकेच वाढेल. करून पाहा.” मी केलं. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तितकंच वाढलं. संगणक केंद्राच्या पायरीवर कागद हातात घेऊन मी उभी राहिले, आणि एका निवृत्त मास्तरानं कानामागच्या पेन्सिलीनं यंत्राचं उत्तर आधी सांगितलं, म्हणून मला हसू आलं. खरंच फार आनंद झाला होता, हे लिहून ठेवते.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा दाजींनी अकरा लग्नपत्रिका माझ्यापुढं मांडल्या. एरवी शेजारणींचे परिणाम एक अधिक, एक उणे असे येतात आणि एकमेकांना खातात. पण त्या एका कोनाला सगळे अधिकच येतात. एक, अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, अधिक पाव... ही बेरीज कितीही करा, बसत नाही. नाक ही चूक नव्हतीच. तिथं न संपणाऱ्या ओळीचं उत्तरच न संपणारं होतं. “त्या कोनाक सगळे शेजारी एका दमान ओढतत गो,” दाजी म्हणाले. “ओळ संपणा नाय, मगे ओढ खंय संपतली?”

आणि इतर कोनांसाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. शेजारणींच्या बेरजेत एक तुकडा असा असतो की ज्याची पूर्ण बेरीज लॉगच्या कोष्टकातून एका ओळीत मिळते. तो आधी वजा करायचा. उरतं ते इतकं झपाट्यानं लहान होतं की वीस शेजारणी पुरतात. “वळखीचां बाजूक काढ, अनवळखी तेवढां मोज,” असं त्यांनी मला सांगितलं. जिथं यंत्राला तास लागायचा तिथं दोन मिनिटं लागू लागली. पुढं संस्थेच्या गच्चीवर एकवीस तारा उभ्या करून आम्ही मोजलं. हिशेबाप्रमाणे त्या कोनाला अँटेनेतून लहर निघायलाच नको होती; ती अगदी मुकी नाही, पण घसा बसल्यासारखी झाली. एकवीस म्हणजे काही न संपणारी ओळ नव्हे. सर खूश झाले. माझा प्रबंध उभा राहिला तो त्या नाकावर.

पण त्याच मे महिन्यात, त्या अकरा पत्रिका मी गोळा करत असताना दाजींनी मला विचारलं होतं. माई अंगणात कोकमासाठी रातांब्यांची सालं वाळत घालत होती. दाजी पेन्सिल शोधल्यासारखं करत होते, आणि पेन्सिल कानावरच होती.

“नलू, एक मागू गो?”

“मागा की.”

“तुझो तो कागद छापतले तेव्हा शेवटाक, बारीक अक्षरात, माझां नाव येयत काय? वर नको. वर तुझां आणि तुझ्या सरांचां. शेवटाक चलात.” मग म्हणाले, “चाळीस वर्सां दुसऱ्यांनी केलेली गणितां शिकवलंय. ह्यां एक माझां आसा.”

“येयत काय म्हणजे? येतलांच!” मी म्हटलं, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. माई अंगणातून म्हणाली, “झालां! आता छापून येयसर झोपूचे नाय हे.”

दाजींनी माझ्याकडे दुसरं काही कधी मागितलं नाही. शिकवणीचे पैसे नाहीत, मुंबईहून काही आणायला सांगितलं नाही. एवढं एकच मागितलं आणि मी शब्द दिला.

निबंध परदेशातल्या एका नियतकालिकाकडे जाणार होता. शेवटचा मसुदा सरांच्या टेबलावर होता. आभाराच्या ओळींत मी दाजींचं नाव लिहिलं होतं, हे खरं आहे. सरांनी पेन त्या नावावर आणून विचारलं, “हे कोण? कुठल्या संस्थेचे?”

मी म्हटलं, “आमच्या गावचे... ओळखीचे आहेत.”

“ठेवायचं का?”

सरांनी सरळ विचारलं होतं. ते कठोर नव्हते. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ते नाव राहिलं असतं. पण आदल्याच आठवड्यात एका सहकाऱ्यानं चहा पिताना सगळ्यांसमोर विचारलं होतं, “बाई, तुमची गणितं तुम्हाला कोण करून देतं?” सगळे हसले होते. विभागात मी एकटीच बाई. नोकरीची मुलाखत दोन महिन्यांवर होती. तिथं कुणी विचारलं असतं, हे कोण, आणि मी काय सांगितलं असतं? पंचा नेसणारे निवृत्त मास्तर? लग्नपत्रिकांच्या पाठी? माझं सगळं कामच त्यांचं आहे असं लोक म्हणतील, अशी धास्ती माझ्या मनात बसली. ही कारणं मी इतक्या वर्षांत पुष्कळदा तपासून पाहिली आहेत. त्यातलं एकही खोटं नाही, आणि एकही पुरेसं नाही.

“नको, राहू दे सर,” मी म्हटलं.

सरांनी त्या नावावर रेघ मारली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

छापील प्रती आल्या. मी एक पाकिटात घातली, पत्र लिहायला बसले आणि चार कागद फाडले. शेवटी पत्राशिवायच प्रत पाठवली. वाटलं, दाजींना इंग्रजी जेमतेम येतं, आकडे बघतील, सूत्रं बघतील, आभारापर्यंत पोचणार नाहीत. अशी आशा करण्याइतकी मी खाली उतरले होते.

पोस्टकार्ड आलं. ते अजून माझ्याकडे आहे. “प्रत मिळाली. सातव्या सूत्रात उणे चिन्ह हवे, अधिक छापले आहे. शेवटच्या पानावर आभाराच्या दुसऱ्या ओळीत कॉम्प्युटर या शब्दातले एक अक्षर गळले आहे. बाकी बेरीज बसली. माईचे आशीर्वाद.”

आभाराच्या दुसऱ्या ओळीत. म्हणजे शब्दकोश घेऊन, बोट ठेवून, त्यांनी शेवटपर्यंत वाचलं होतं. सगळी अक्षरं तपासली होती. बाबा नंतर म्हणाले की प्रत पोचली त्या दिवशी दाजी पोस्टातच पाकीट फोडून बाकावर बसले, आणि सगळे घरी गेले तरी उठेनात.

मी वर्षभर गावी गेले नाही. नोकरी लागली, सबबी मिळत गेल्या. पुढच्या हिवाळ्यात गेले ती ठरवून, की माफी मागायची. सकाळी किनाऱ्यावर गेले तर रापण चालू होती. रांगेच्या शेवटी दाजी. सदरा आता त्यांच्या अंगावर लोंबत होता. दोर मात्र सोडलेला नव्हता.

आमच्या घरातल्या बायका दोर ओढत नसत. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि दाजींच्या मागं जाऊन दोर धरला. ओला, खरखरीत दोर. त्यांनी वळून पाहिलं, हसले, परत पुढं बघायला लागले.

“दाजी,” मी त्यांच्या पाठीला म्हटलं, “माझां चुकलां. तुमचां नाव...”

“दोर सोडू नको,” ते म्हणाले. “ओढ.”

मी ओढत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. जाळं वाळूला टेकलं, माणसांनी गराडा घातला, बुधाजी वाटे घालू लागला. ओढणारे आपापला वाटा उचलून निघाले. माझ्यासमोर काही नव्हतं, आणि ते साहजिकच होतं. मास्तरांशी बोलायला आलेली पोस्टातल्यांची मुलगी, बुधाजी तिला कशाला मोजेल? मी मागं सरकले.

तेव्हा दाजींनी भाषा बदलली. मोठ्यानं नाही, वर्गात बोलत तसं.

“बुधाजी, एक वाटा राहिला आहे. हिनं दोराला हात लावला होता.”

बुधाजीनं जीभ चावली आणि दोन बांगडे उचलून माझ्या पुढं धरले. दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत टोमणा असता तर मला सोसलं असतं. तो नव्हता. एका बेरजेत एक पद राहून गेलं होतं, ते त्यांनी लिहायला लावलं, इतकंच.

“घे गो,” ते म्हणाले, पुन्हा मालवणीत. “तुझी आवस तळून घालीत.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात दाजी गेले. मी त्यांना पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं. आपला बारका वाटा माडाच्या चुडताच्या पातीत ओवून ते किनाऱ्यानं घरी निघाले. वाटेत माडांची रांग होती. प्रत्येक माडापाशी त्यांची मान किंचित हलत होती, मोजत चालले होते. मी वाळूत उभी होते. माझ्या पदरात दोन बांगडे होते, माझ्या वाट्याचे, आणि ते नाकारायची सोय नव्हती.